टेपचं दुसरं टोक

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर बरेचसे हसतच वाचले. ओढ्याकाठची बाई, मागं वळून बघू नका म्हणणारा रिक्षावाला... वाचायचं, कॉम्प्युटर बंद करायचा आणि गाढ झोपायचं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. भिंतीला तडा गेला तर आधी पाया बघायचा, पाणी कुठं मुरतंय ते बघायचं, या मताची. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते शिक्षण काही असल्या गोष्टी लिहायला घेतलेलं नव्हतं. तरी आज लिहितेय. बारा वर्षं झाली, आता कुणाला तरी सांगून बघावं म्हटलं.

माझं गाव राधानगरी तालुक्यातलं. वडील गवंडी – आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जायची. काम एकच, दोरीचं दुसरं टोक धरायचं. आप्पा तिकडून ताण देणार, विटांची ओळ बघणार, मग म्हणणार, "सोड." तोपर्यंत हात हलवायचा नाही. एकदा मी दोरी धरून उभी होते आणि आप्पांना कुणीतरी चहाला बोलावलं. ते गेले आणि तिकडंच गप्पांत रमले. मी तिसरीत होते. परत आले तेव्हा ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं आणि मी तशीच उभी. आप्पांनी वाकून माझी बोटं एकेक करून सोडवली. घरी आल्यावर आईला चारचारदा सांगितलं, "सोड म्हणलो न्हवतो मी, म्हणून पोरीनं सोडली न्हाय." अभिमानानं सांगत होते की वाईट वाटून, ते मला अजून कळलेलं नाही.

तर १९९७ साल. बी.ई. होऊन मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले होते. राजारामपुरीत एक खोली भाड्यानं. घरमालकीण दार वाजवायची ती फक्त नळाला पाणी आलं की. रविवारी एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन करायची, आप्पा येऊन थांबलेले असायचे. काय चाललंय? बरं चाललंय. जेवतीस का? जेवते. आठवडाभरात माणसाशी मनमोकळं असं बोलणं तेवढंच. ऑफिसात सगळे पुरुष, वाईट कुणीच नव्हते, पण मी आले की बोलणं थांबायचं. लग्न ठरेपर्यंत येईल आणि जाईल, असंच सगळ्यांनी धरलेलं.

सरांनी मला एक वर्ष ट्रेसिंगच्या, म्हणजे दुसऱ्यांचे नकाशे गिरवायच्या, टेबलाला बसवलं. मी मागंच लागले तेव्हा कुठं पहिलं स्वतःचं काम दिलं – मंगळवार पेठेतलं एक जुनं थिएटर. नाव लिहीत नाही, मालकांची माणसं अजून तिथंच राहतात. संस्थानच्या काळात नाटकासाठी बांधलेलं, पुढं सिनेमाचं झालं, आणि घरोघरी केबल आल्यावर बंद पडलं. पाच वर्षं कुलूप. मालक गुळाचे व्यापारी. त्यांना तिथं खाली दुकानं आणि वर लहान थिएटर काढायचं होतं. पण आहे त्या इमारतीचा एकही नकाशा कुणाकडं नव्हता. म्हणजे आधी कोपरा न् कोपरा मोजून नकाशा करायचा. ते माझं काम.

सर म्हणाले, "शनिवारपर्यंत माप संपव. अडलं तर लगेच सांग, दुसऱ्या कुणाला पाठवतो. मग तू आपली टेबलावरच बरी."

बरी म्हणे. मी म्हटलं, संपवणार.

माप घ्यायला दोघं लागतात, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. एकानं टेपचं टोक कोपऱ्यात धरायचं, दुसऱ्यानं दुसरीकडं ताणून आकडा वाचायचा, मोठ्यानं म्हणायचा आणि लिहायचा. आमच्या सरांच्या ऑफिसात फील्डबुकाच्या प्रत्येक पानाखाली दोन नावं लिहायची पद्धत होती – माप घेणार आणि टेप धरणार. दोन नावांशिवाय सर नकाशावर सही करत नसत. मला टेप धरायला दिला होता दिनकर. पन्नाशीचा माणूस, कामात पक्का. सोमवार-मंगळवार त्यानं टेप धरली, पण तोंड असं की जणू कुणाच्या मयताला आलाय. मंगळवारी दुपारी त्या रिकाम्या हॉलमध्ये ऐकू जाईल असं पुटपुटला, "आता पोरीबाळी सांगणार, धर न् सोड." बुधवारी तो आलाच नाही. कंबर धरली म्हणे.

सरांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. दुसऱ्याला पाठवतो, हेच शब्द कानात होते.

बुधवारी एकटीनंच खालचा हॉल घेतला. टोकावर वीट ठेवायची, दुसरीकडं जाऊन ताणायचं, वाचायचं, परत जाऊन वीट उचलायची. त्यात आमच्या ऑफिसची टेप म्हातारी – पुढची कडी तुटलेली, आणि पहिले सहा-सात सेंटिमीटर फाटून गेलेले. शून्यच नव्हतं तिला. म्हणून टोक न धरता दहाच्या खुणेवर धरायचं आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे. दहावर मी लाल रेघ मारून ठेवली होती. नव्या माणसाला हे सांगितलं नाही तर तो टोकालाच धरणार आणि दिवसभराची सगळी मापं वाया.

रिकामं थिएटर आतून कसं असतं ते सांगते. बाहेर भर दुपार असली तरी आत अंधार. छताचे दोन-चार पत्रे उचकटलेले, तिथून उन्हाच्या काठ्या खाली उतरलेल्या. खुर्च्या सगळ्या तशाच, पडद्याकडं तोंड करून. मी आपला डबा घेऊन मधल्या रांगेत बसायची. सातशे खुर्च्या आणि मी. भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज येत होता. पण मला तिथं भीती अशी वाटली नाही. खोलीवर काय वेगळं होतं?

आत यायचा रस्ता एकच, मुख्य दाराचा, आणि तो मालकांच्या सोप्याला लागून. तिथं मालकांची आई दिवसभर बसलेली असायची. अंगानं किरकोळ, कपाळाला विभूती, वाती वळत. सगळी पेठ तिला अव्वा म्हणायची. किल्ली तिच्याकडंच. मला बघितलं की म्हणायची, "आली का इंजिनेर? बघ बाई, आमचं थेटर किती लांब हाय ते सांग मला. मी आपली बसल्या जागेवरनं बघतोय नुसती." असं बोलणारी तीच एक, पण तेही जाता-येता.

गुरुवारी मी लेडीज गॅलरीत गेले. जुन्या थिएटरांत बायकांची बसायची जागा वेगळी असायची. इथं ती सगळ्यात वर, मागच्या बाजूला होती – लाकडी, पायऱ्यापायऱ्यांची. तिला बोळातून स्वतंत्र दार आणि स्वतंत्र जिना. थिएटर मिटलं तेव्हा बोळातलं ते दार विटांनी चिणून टाकलेलं. सोमवारी मीच ते माझ्या कागदावर तसं दाखवलं होतं. त्यामुळं वर जायचं तर आतूनच, सिनेमाच्या मशीनच्या खोलीशेजारच्या छोट्या दारानं.

गॅलरीत वीट टिकेना. पायरी उतरती, लाकूड गुळगुळीत. टेपला जरा ताण दिला की वीट घसरायची. अर्धा तास माझा तोच खेळ चालला. शेवटी एक माप कसंबसं आलं आणि सवयीनं मी मोठ्यानं म्हटलं, "तीन चाळीस."

वरून आवाज आला, "तीन चाळीस."

घुमला असेल म्हटलं. पण घुमलेला आवाज आपलाच असतो. हा म्हातारा होता.

"ती वीट काय धरतीया? दे हिकडं."

वरच्या दाराजवळ एक लहान स्टूल होतं, त्यावर एक बाई बसलेली. उन्हाची काठी तिच्या गुडघ्यापर्यंत येत होती, त्यामुळं लुगड्याचा काठ आणि हात तेवढे स्पष्ट दिसले. हिरव्या बांगड्या, हाडं वर आलेला हात. तोंडावर अंधार. मला दचकायला झालं, पण ते कुणीही एकदम बोललं तर होतं तेवढंच. वाटलं, मालकांच्या घरातलं कुणी असेल, अव्वानं पाठवलं असेल. विचारलं तर म्हणाली, बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची मी. गोदाक्का म्हणत्यात.

मी सांगितलं, "टोकाला धरू नका आक्का. दहावर धरा, तिथं लाल रेघ आहे. आणि मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"बरं की."

आणि काय सांगू... काम असं चाललं! मी खाली सरकायची, आकडा म्हणायची, वरून तोच आकडा परत यायचा. अगदी आप्पांसारखं. टेपला ताण असा की इकडून बोटानं वाजवली असती तर वाजली असती. मी सोडा म्हटलं की टोक सुटायचं, आणि पुढच्या कोपऱ्याकडं बघावं तर ते तिथं पोचलेलं असायचं. ती उठताना, चालताना मी कधी बघितली का? नाही. माझं लक्ष आकड्यांत. आज हे लिहिताना जेवढं विचित्र वाटतं तेवढं तेव्हा अजिबात वाटलं नाही. कुणीतरी दुसरं टोक धरलंय, एवढंच डोक्यात होतं.

मधे तिनं विचारलं, "एकटीच हायस व्हय?"

मी म्हटलं, टेप धरणारा आला नाही.

"तसं न्हवं."

मी वहीत आकडा लिहायला लागले. तर म्हणाली, बस की मग, ती खुर्ची एकटीचीच हाय. तिच्या स्टुलाला लागून पहिली खुर्ची होती, बाकीच्यांपासून जराशी सुटी. तिनं सांगितलं – पूर्वी एकटी बाई पिक्चरला आली की सगळ्या गॅलरीच्या माना वळायच्या. कुणाची, कुठली, नवरा कुठाय. म्हणून ती खुर्ची गोदाक्का कधी कुणाला देत नसे. हाऊसफुल्ल असलं तरी नाही. एकटी आली की तिथं, आपल्याशेजारी. मग बघणाऱ्याला वाटायचं, गोदाक्काच्या घरातलीच आहे.

त्या खुर्चीत बसून मी डबा खाल्ला. बऱ्याच महिन्यांनी कुणाच्या तरी शेजारी बसून.

शुक्रवारी मी पहाटे उठून चार भाकरी जास्त केल्या, झुणका केला, वेगळा डबा नेला. ती होतीच. डबा पुढं केला तर म्हणाली, "ठेव तिथं." मी स्टुलाजवळ ठेवला. शनिवारी बघितलं तर तसाच, मुंग्या लागलेल्या. मला वाटलं दात नसतील, कडक भाकरी कशी खाणार. मलाच वाईट वाटलं, भात आणायला पाहिजे होता म्हणून.

शनिवारी दुपारी शेवटचं माप राहिलं. गॅलरीचा कर्ण – मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कठड्याच्या कोपऱ्यापर्यंत. कर्ण जुळला तर सगळी मापं बरोबर, नाहीतर कुठंतरी चूक. मी कठड्याला टेकून वाचलं, "अकरा शहाऐंशी."

"अकरा शहाऐंशी."

"धरून ठेवा हं आक्का, परत एकदा बघते."

तेवढ्यात खालून सरांची हाक आली. ते अचानकच आले होते, बरोबर मालक. मी हातातली टेप तशीच कठड्यावर ठेवली, फील्डबुक घेतलं आणि धावत खाली गेले. सरांनी तिथंच उभ्यानं पानं चाळली आणि मालकांना म्हणाले, झालंय काम. मला घेऊनच ते ऑफिसला गेले. संध्याकाळी दिनकर पगार घ्यायला आला होता, टेप आणायला सरांनी त्यालाच पाठवलं. तो येऊन म्हणाला, वरच्या बाजूला कुठंतरी घट्ट अडकलेली, हिसका मारला तर फाटून हातात आली. बघितलं तर बरोबर दहाच्या लाल रेघेवर तुटलेली. पुढचा बोटभर तुकडा काही त्याला दिसला नव्हता.

तीन दिवस बसून मी नकाशा काढला. कर्ण जुळला. शुक्रवारी सर दिनकरला घेऊन तपासायला आले, नवी टेप घेऊन. गॅलरीतलीच पाच मापं त्यांनी स्वतः घेतली, पाचही बरोबर. सर फारसं कौतुक करणारे नव्हेत, तरी म्हणाले, एकदम स्वच्छ काम आहे. मग फील्डबुकाचं पान उलटून विचारलं, "हे टेप धरणार – गोदाक्का – कोण?"

मी सांगितलं. सरांनी खाली येऊन अव्वाला विचारलं, तुमच्याकडची कोण बाई तीन दिवस आमचं काम करत होती म्हणून.

अव्वाचा वातीवरचा हात थांबला.

"गोदी? गोदी कुठली आता. थेटर मिटलं तवा गेली भावाच्या घरी, चंदगडाकडं. दिवाळीपासनं अंथरुणावर हाय म्हणं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुझ्याशिवाय आत कोण गेलं न्हाय पोरी. ह्या दारातनं मांजर गेलं तरी मला कळतंय."

मी म्हटलं, मग मला त्या सुट्या खुर्चीचं कुणी सांगितलं? अव्वा म्हणाली, ते खरं हाय. तिचा नवरा वारला तेव्हा अव्वा स्वतः एकदा कुणाला न सांगता बोळातल्या दारानं वर गेली होती, मालकीण असून. गोदाक्कानं काही न विचारता तिला त्याच खुर्चीत बसवलं होतं. ही गोष्ट तिनं तोवर घरात कुणाला सांगितली नव्हती. मालक शेजारीच उभे होते, तेही पहिल्यांदाच ऐकत होते.

सरांना यातलं काही नको होतं. ते म्हणाले, जे असेल ते असो, कागदावर असलं नाव चालणार नाही. दिनकर लगेच म्हणाला, "माझं घाला की सायेब. सोमवारी मीच धरलती, बुधवारनंबी मीच धरली म्हणायचं." सर माझ्याकडं बघून म्हणाले, घाल आणि मोकळी हो.

साधी गोष्ट होती. एक नाव खोडायचं, एक लिहायचं. पण त्या पानावर माप घेणार म्हणून माझं नाव होतं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याच्याच खाली खोटं लिहायचं? मी नाही म्हटलं. सर म्हणाले, "मग माझी सही नाही. सोमवारपर्यंत ठरव. नाहीतर हे काम परत पहिल्यापासून होईल, आणि ते तू करणार नाहीस."

रविवारी सकाळच्या एसटीनं मी चंदगडला निघाले. कुणीतरी दुसरीच बाई गोदाक्काचं नाव सांगून गेली असेल आणि अव्वाची नजर चुकली असेल, हे मला शोधायचं होतं. अव्वानं पत्ता सांगताना गुळाची छोटी ढेप दिली होती, गोदीला दे म्हणून. फाट्यावर उतरून पुढं तास-दीड तास चालत. काजूला मोहर आलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घर सापडलं. भावाची सून अंगणात भांडी घासत होती. कोल्हापूरच्या थिएटरकडून आलेय म्हटल्यावर तिनं पाणी दिलं आणि मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागली. माणूस किती दिवस बोललेलं नसलं की असं बोलतं, ते मला कळत होतं.

म्हातारी दिवाळीपासून उठलेली नाही. पण गेल्या गुरुवारच्या आदल्या गुरुवारी – म्हणजे बरोबर माझ्या पहिल्या दिवशी – दुपारी तिनं उजवा हात वर केला आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखा ताणून ठेवला. मधेच सोडायची, परत धरायची. आकडे म्हणायची. शुक्रवारी तेच. शनिवारी दुपारी हात धरला तो धरलाच. आठ दिवस झाले. उजवा हात उघडत नाही, सून भरवते तेव्हा जेवते. डॉक्टरनं बघून वाऱ्याचा झटका असेल म्हणून सांगितलं.

"आमी म्हणतोय, आत्ती सोडा की आता. तर म्हणत्यात, आजून सोड म्हणाली न्हाय."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

आत गेले. खाटेवर एवढीशी बाई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, नजर छताला. हिरव्या बांगड्या. उजवा हात छातीवर, अंगठा आणि बोट एकमेकांवर इतकं घट्ट दाबलेलं की नखं पांढरी पडलेली. मी शेजारी बसले. तिसरीतली ती दुपार मला आठवली – हात भरून आलेला, ऊन भिंतीवरून सरकतंय, आणि सोडावं असं एकदाही मनात आलं नाही ते.

मी म्हटलं, "आक्का, सोडा. माप झालं."

बोटं सुटली. एकेक करून, सावकाश. हात रिकामा होता, हे मी खास लिहितेय, कारण तुम्ही विचाराल. तुकडा वगैरे काही नव्हतं. तिनं हात अंथरुणावर टाकला आणि एक मोठा श्वास सोडला. दारात सून तोंडावर पदर धरून उभी होती.

गोदाक्कानं मान वळवली नाही. म्हणाली, "किती आलं?"

"अकरा शहाऐंशी."

"दहा काढलंस न्हवं?"

"काढले. अकरा शहात्तर."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. मी उठेपर्यंत तिला झोप लागली होती. गूळ सुनेच्या हातात दिला. परत येते म्हणून सांगितलं. गेले मात्र नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... पुढच्या वर्षी अव्वानंच सांगितलं, गोदी गेली म्हणून.

सोमवारी सरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत. पान समोर घेतलं आणि सही केली. माझ्या नावाखालचं नाव खोडलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते फील्डबुक त्या ऑफिसच्या माळ्यावर अजून असेल. थिएटर दोन वर्षांनी पाडलं. आता तिथं चार मजली कॉम्प्लेक्स आहे, आणि गॅलरी होती त्या उंचीवर कुणाचातरी दाताचा दवाखाना.

मला शंका घेणाऱ्यांचा राग नाही, मी स्वतःच त्यांच्यातली. म्हाताऱ्या माणसाचा हात आखडतो, एखाद्या आवाजानं सुटतो, हे मी मानायला तयार आहे. एकटं माणूस अंधारात बोलायला कुणीतरी उभं करतं, हेही. पण मग गॅलरीतली मापं कुणी धरली? आणि त्या दहाचं – ते ऑफिसच्या माणसांशिवाय मी फक्त त्या गॅलरीत, त्या स्टुलाकडं बघून सांगितलं होतं. बारा वर्षं मी हे सगळ्या बाजूंनी मोजून बघतेय. कर्ण जुळत नाही.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. मोजायला लेझर आहे, भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. दुसरं टोक धरायला कुणी लागत नाही. तरी प्रत्येक माप लिहून झालं की मी समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघून मोठ्यानं "सोडा" म्हणते. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत.